हाकेचं नाव, खरं नाव: ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आठ बैठकांत वाचताना

गटाने ही कादंबरी वाचायला घेतली तेव्हा आमचा पहिला अंदाजच चुकला. पानं दोनशेच्या आसपास, प्रकरणं दहा, शिवाय मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक. चार बैठकांत होईल असं वाटलं होतं, लागल्या आठ. नुसतं मोठ्याने वाचायलाच सात तास गेले. अडकलेल्या जागा सोडवणं, नावं लावणं आणि नकाशावर बोट ठेवून नायक आता कुठे आहे ते शोधणं यात वाचनापेक्षा जास्त वेळ गेला. एखाद्या गटाला हे पुस्तक मराठीतून बोलत बोलत वाचायचं असेल, तर आमची पद्धत आणि चुकलेल्या जागा उपयोगी पडतील.

गटात अकरा जण होते, चौदा वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत. बैठक दोन तासांची. त्यात पन्नासेक मिनिटं मूळ इंग्रजी मोठ्याने वाचायचं, दर दोन-तीन पानांनी थांबून मराठीत सांगायचं आणि शेवटची वीस मिनिटं नकाशा व नावांच्या वहीला द्यायची. ही वीस मिनिटं कापू नका. तिसऱ्या बैठकीत आम्ही ती कापली आणि चौथ्या बैठकीचा पाऊण तास मागचं आठवण्यात गेला.

उर्सुला के. ले ग्विन यांचं हे पुस्तक १९६८ साली बर्कलेच्या पार्नासस प्रेसने काढलं. चित्रं रूथ रॉबिन्स यांची. गोष्टीतले जादूगार पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का असतात, हे म्हातारे पोरवयात कसे होते, ही विद्या ते शिकले कुठे, या प्रश्नांतून पुस्तक निघालं. हॅरी पॉटर वाचून आलेल्यांना वाटतं की आता शाळेची गोष्ट सुरू होणार. ती अपेक्षा पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला सांगा. इथे शाळा जेमतेम दोन प्रकरणं आहे. नायक पुढे महान होणार, ड्रॅगनांशी बोलणारा होणार, हे लेखिका पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते. म्हणजे तो जगतो की मरतो ही उत्कंठा तिने आपण होऊन सोडून दिली आहे. मग उरतं काय, हा प्रश्न आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

तयारी तीन गोष्टींची. पुस्तकातला नकाशा ए-थ्री आकारात मोठा करून थर्माकोलवर चिकटवायचा. सोबत टाचण्या आणि दोन रंगांचा दोरा, तांबडा व निळा. लेखिकेनेही आधी नकाशाच काढला होता, बेटांची गर्दी असलेला, सगळीकडे समुद्र. त्यामुळे नकाशाशिवाय सहावं प्रकरण वाचणं म्हणजे अंधारात चाचपडणं. तिसरी गोष्ट नावांची वही. तिच्यात रकाने चार: माणूस, हाकेचं नाव, खरं नाव, आणि ते खरं नाव कोणी कोणाला आणि कोणत्या प्रकरणात सांगितलं. सगळ्या पुस्तकाचं कुलूप या चौथ्या रकान्यात आहे.

या जगात प्रत्येक वस्तूचं आणि माणसाचं एक खरं नाव असतं, आदिभाषेतलं. ज्याला ते ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून माणसं खरं नाव जपतात, जिवाभावाच्या माणसालाच सांगतात, आणि रोजच्या वापरात दुसरंच नाव ठेवतात. इंग्रजी समीक्षेत यावर पानंच्या पानं आहेत, पण मराठी घरातल्या माणसाला हे अर्ध्या मिनिटात समजतं. पत्रिकेतलं राशीचं नाव वेगळं, पाळण्यातलं वेगळं, घरात हाक मारतात ते तिसरंच. आणि बारशाला नाव आधी बाळाच्या कानात सांगायचं असतं. गटातल्या आजींनी हे सांगितलं आणि पुढची आठ पानं सोपी झाली. फरक एवढाच की आपलं राशीचं नाव कळल्याने कोणी आपल्याला वश करील अशी धास्ती आज आपण बाळगत नाही. अर्थसीत, म्हणजे पुस्तकातल्या या बेटांच्या जगात, ती धास्ती खरी आहे.

नावं मराठीत कशी घ्यायची याचा नियम आम्ही याच तत्त्वावरून काढला: हाकेचं नाव भाषांतरित करायचं, खरं नाव अजिबात नाही. नायकाचं हाकेचं नाव ‘स्पॅरोहॉक’, कारण हाक मारली की शिकारी पक्षी त्याच्याकडे उतरत. आधी आम्ही ‘ससाणा’ म्हणत होतो. पण ससाण्याचं कुळ वेगळं, शिवाय त्याला राजदरबाराचा वास आहे. खेड्याच्या कडेला दिसणारा, चिमण्या-सरड्यांवर झडप घालणारा छोटा शिक्रा स्पॅरोहॉकचा सख्खा भाऊबंद. म्हणून तो झाला शिक्रा. खरं नाव गेड, ते तसंच ठेवलं. उच्चार ‘गेड’च, ‘जेड’ नाही.

पहिल्या प्रकरणात सांगताना सगळेच एक चूक करतात. गाँट बेटावरच्या या मुलाला पहिली विद्या शिकवणारी बाई इंग्रजीत ‘आँट’ आहे आणि मराठीत बोलताना आपण सहज ‘आत्या’ म्हणून जातो. ती त्याच्या मेलेल्या आईची बहीण, म्हणजे मावशी. आत्या म्हटलं की ती कांस्यकार बापाच्या बाजूची होते आणि सगळं नातं उलटतं. बापाला पोराशी घेणंदेणं नाही, आई तो वर्षाचा होण्याआधीच गेली, आणि आईकडचं त्याला काही मिळालं असेल तर ते या मावशीकडून. आम्ही तिला गटात मावशीच म्हणत राहिलो. चेटकीण म्हटलं असतं तर पुढे वाचायच्या आधीच निकाल लागला असता.

या मावशीच्या घराजवळ पुस्तकाचा सगळा आराखडा एका प्रसंगात मांडलेला आहे. पोरगा बकऱ्यांना बोलावण्याचे शब्द चोरून ऐकतो आणि कळपासमोर म्हणून बघतो. बकऱ्या येतात. सगळ्या येतात, त्याला चिकटून उभ्या राहतात, डोळे रोखून बघतात, तो पळाला की त्याच्याबरोबर पळतात. बोलावता आलं, पण परत पाठवायचा शब्द त्याच्याकडे नाही. हा प्रसंग हसत वाचला जातो आणि विसरला जातो. आम्ही वहीच्या मागच्या पानावर एक वेगळी यादी सुरू केली, ‘बोलावलं, पण परतवता आलं नाही’. पहिली नोंद बकऱ्यांची. कार्ग लोकांच्या धाडीच्या वेळी तो धुकं रचून गाव वाचवतो, पण सगळी ताकद ओतल्यामुळे त्याची वाचा जाते, ती दुसरी. तिसरी आणि चौथी पुढे येतात. ही यादी ठेवली तर चौथ्या प्रकरणातला अनर्थ आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

पहिल्या बैठकीच्या शेवटी प्रत्येकाला मुलाचं चित्र काढायला सांगा, रंगासकट. आमच्याकडे अकरापैकी आठ चित्रांत तो गोरा होता. मग वर्णनं परत वाचा: गाँटची माणसं तांबूस-तपकिरी, पुढे भेटणारा मित्र व्हेच काळसर, आणि धाड घालणारे कार्ग गोरे, पिवळ्या केसांचे. मजकुरात हे सरळ लिहिलेलं असूनही आपल्या डोळ्यांनी ते पुसून टाकलं होतं. मुखपृष्ठांवर गेड गोरा रंगवला जाण्याविरुद्ध ले ग्विन अनेक वर्षं भांडल्या आणि २००४च्या टीव्ही मालिकेने तेच केलं तेव्हा त्यांनी जाहीरपणे निषेध लिहिला. ही माहिती आधी देऊ नका, चित्रं काढून झाल्यावर द्या. आधी दिली की सगळे बरोबर रंग भरतात आणि कोणालाच काही कळत नाही.

दुसरं प्रकरण ओगियनचं. तेराव्या वर्षी मुलाला ‘गेड’ हे खरं नाव देणारा हा गुरू. नवा शिष्य मंत्रांची वाट बघतो आणि गुरू त्याला पायी हिंडवतो, गप्प राहतो, पाऊस आला तर भिजतो. साधा वाटसरू जादूगारही ढग हाकलून देतो, मग हा एवढा मोठा माणूस भिजतो का, हे गेडला कळत नाही. एका रानझुडपाचा उपयोग काय असं त्याने विचारल्यावर ओगियन सांगतो की आधी पान, मूळ, फूल, बी, वास सगळ्या ऋतूंत ओळख, मग उपयोगाचं बघू. हे प्रकरण संथ आहे आणि तरुण मंडळी इथे कंटाळतात. घाई करू नका. पुढे रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत तेच सूत्र येतं: एका बेटावर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटाचा दुष्काळ असू शकतो. गटात मराठवाड्यातले दोघे होते, त्यांना याचं स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही. ले ग्विन यांनी पुढे १९९७ साली ‘ताओ ते चिंग’ची स्वतःची इंग्रजी आवृत्ती काढली. समतोल आणि न करण्यातली ताकद या गोष्टी त्यांच्या विचारात किती मुरलेल्या होत्या, ते इथे दिसतं.

याच प्रकरणात कुरणात एक मुलगी गेडला डिवचते, मेलेल्यांना बोलावता येतं का म्हणून. तो ओगियनचं पुस्तक चाळतो, तो मंत्र वाचता वाचता खिळून राहतो, आणि दाराशी काहीतरी काळं उभं दिसतं. मागच्या पानावर तिसरी नोंद. मुलीच्या नावापुढे वहीत ठळक खूण करा. ती रे अल्बीच्या सरदाराची मुलगी, आणि पाच प्रकरणांनंतर दूर उत्तरेला ऑस्किल बेटावर सेरेट नावाने भेटते ती हीच. आमच्या अकरापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

आता त्या काळ्या गोष्टीला मराठीत म्हणायचं काय? इंग्रजीत ‘शॅडो’, आणि सर्वनाम नपुंसकलिंगी. मराठीत सावली म्हटलं की झाडाची सावली येते, गारवा येतो, आईची सावली येते. शिवाय ‘ती’ म्हणावं लागतं आणि दोन पानांत ती एखादी बाई होऊन बसते. छाया, पडछाया यांचंही तेच. म्हणून आम्ही ‘सावट’ घेतलं: नपुंसकलिंगी, अशुभ, दुष्काळाचं असतं तसं. दुसरं प्रकरण फार छान गेलं. तिसऱ्यात आम्ही आपटलो. रोकच्या शाळेतला हस्तविद्येचा गुरू गेडला बजावतो की मेणबत्ती लावली म्हणजे सावली पडणारच. शिवाय त्याला गाँटहून रोकला नेणाऱ्या जहाजाचं नावही ‘शॅडो’च आहे. मेणबत्ती सावट पाडत नाही आणि जहाजाचं नाव कोणी सावट ठेवत नाही. लेखिकेने एकच साधा शब्द सगळीकडे पेरलाय आणि शेवट त्याच धाग्यावर उभा आहे. सुंदर शब्दाच्या मोहात तो धागा तुटतो. आम्ही ‘सावली’वर परत आलो आणि लिंगाची अडचण वाक्य फिरवून टाळली. ‘ती आली’ऐवजी ‘सावली आली’ म्हणायचं, सर्वनामच वापरायचं नाही. सांगताना जरा जड जातं, पण शेवटी हाच निर्णय बरोबर ठरला.

‘विझर्ड’ला जादूगार म्हटलं तर टोपीतून ससा काढणारा दिसतो. मांत्रिक म्हटलं तर त्याहून वाईट, कारण २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर हा शब्द बातम्यांत भोंदूच्या जोडीनेच भेटतो. आम्ही ‘जाणता’ घेतला. या पुस्तकात विद्या म्हणजे खरोखरच जाणणं आहे, त्यामुळे तो बसला. हातातल्या ‘स्टाफ’ला काठीच म्हटलं, दंड नाही. ओगियनच्या हातात काठी शोभते.

रोकच्या शाळेचं दार हा तिसऱ्या प्रकरणातला उत्तम प्रसंग, आणि त्याची जोडी चौथ्याच्या शेवटी आहे. दोन्ही एकदम वाचून दाखवा. आत यायला गेड सगळे उपाय करतो, दार उघडंच असतं पण पाऊल आत पडत नाही. शेवटी द्वारपालाला स्वतःचं खरं नाव सांगावं लागतं. वर्षांनी विद्या पुरी करून बाहेर पडताना द्वारपाल म्हणतो, आता माझं नाव सांग. नऊ गुरूंपैकी एकाचं नाव मंत्राने किंवा कपटाने काढणं अशक्य. बराच विचार करून गेड कबूल करतो की आपल्याला येत नाही, आणि सरळ विचारतो, तुमचं नाव काय? द्वारपाल सांगून टाकतो. नऊ गुरूंची नावं आणि कामं पाठ करायची गरज नाही, तीन लक्षात ठेवली तरी पुरे: मेणबत्तीची गोष्ट सांगणारा, एकाकी मनोऱ्यात नावांच्या याद्या पाठ करून घेणारा, आणि हा दारावरचा.

चौथं प्रकरण एका बैठकीत, न तोडता. उन्हाळ्यातल्या लांब नृत्याच्या रात्री पंधरा वर्षांचा गेड शाळेतल्या जॅस्परच्या टोमण्याला पेटतो आणि हजार वर्षांपूर्वी मेलेल्या, गाथेतल्या एल्फारानला बोलावतो. क्षणभर ती दिसते. मग प्रकाशाला चीर पडते आणि तिच्यातून लहान मुलाएवढं, डोकं ना चेहरा, नख्यांचे चार पंजे असलेलं काळं काहीतरी गेडच्या तोंडावर झेपावतं. महागुरू नेमर्ल ती चीर बुजवतो आणि त्यात त्याचा प्राण जातो. गेड आठवडेच्या आठवडे आंधळा, बहिरा, मुका पडून राहतो. चेहऱ्याच्या डाव्या बाजूचे व्रण शेवटपर्यंत जात नाहीत. मागच्या पानावर चौथी नोंद.

इथे चर्चा हमखास जॅस्परवर जाते, तोच खलनायक म्हणून. जाऊ द्या, पण मग एक प्रश्न विचारा: जॅस्पर पुस्तकात पुढे किती वेळा येतो? जवळजवळ येतच नाही, त्याचं खरं नावही कळत नाही. लेखिका त्याला सोडून देते, कारण बिघाड त्याच्यात नाही. त्याऐवजी व्हेचकडे बघा. गेड सावरतो तेव्हा त्याला तोंड दाखवायची लाज वाटते, विद्येवरचा विश्वास उडालेला असतो, आणि त्या क्षणी व्हेच त्याला स्वतःचं खरं नाव सांगतो: एस्टारिऑल. त्या जगात याचा अर्थ, माझा जीव तुझ्या हातात दिला. वहीच्या चौथ्या रकान्यातली ही सर्वांत मोठी नोंद. आमच्या वाचणाऱ्याने ती ओळ पटकन वाचून टाकली होती. आम्ही त्याला थांबवून परत वाचायला लावली.

याच बैठकीपासून वहीत एक ओळ उघडी ठेवा, ‘सावली’ची. खरं नाव: रिकामं. आणि तिच्यासमोर पुरावे लिहीत जा. नवा महागुरू म्हणतो, तिला नाव नाही. पाचव्या प्रकरणात पेंडोरचा म्हातारा ड्रॅगन म्हणतो, मी तुला ते नाव सांगू शकतो. सहाव्यात त्या सावलीने पछाडलेला स्किऑर अचानक वळून गेडला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतो. सातव्यात ओगियन म्हणतो, नाव सगळ्यांनाच असतं. चार साक्षी, चार वेगळे जबाब. खरा दुवा तिसऱ्या साक्षीत आहे: गेडचं नाव त्या गोष्टीला सांगितलं कोणी? आमच्या चौदा वर्षांच्या मुलीने हा प्रश्न सहाव्या बैठकीत विचारला आणि आम्ही उत्तर दिलं नाही. देऊ नये.

पाचव्या प्रकरणात ड्रॅगन आहे म्हणून सगळे जागे होतात, आणि धोका इथेच. ड्रॅगनची लढाई म्हणजे शिखर असं वाटून पुढची पाच प्रकरणं उतरण लागल्यासारखी वाचली जातात. म्हणून आम्ही आधी ड्रॅगनच्या अलीकडचा प्रसंग सावकाश घेतला: होडी बांधणाऱ्या पेचव्हारीचं तापाने फणफणलेलं मूल, त्याच्या मागोमाग मृतांच्या उतारावर धावत गेलेला गेड, दगडांचा बुटका बांध, आणि बांधाच्या अलीकडे वाट बघणारी सावली. मूल वाचत नाही. गेडही परत येत नाही म्हणून त्याचा पाळीव ओटाक, मुंगसाएवढा प्राणी, त्याला चाटत बसतो आणि त्यानेच तो जागा होतो. यानंतर ड्रॅगनकडे गेलं की सौदा समजतो. जुन्या इतिहासातून गेडने त्याचं नाव येव्हॉड असल्याचं ताडलेलं असतं. त्या नावाच्या जोरावर एकच गोष्ट मागता येईल: सावलीचं नाव, म्हणजे स्वतःची सुटका, किंवा बेटांवरच्या माणसांना कायमचं अभय. तो दुसरं मागतो. लढाईपेक्षा हे मोठं आहे.

सहावं आणि सातवं एकाच बैठकीत घ्या. सहाव्यावर थांबलात तर आठवडाभर सगळे गोंधळलेले राहतात. इथे तांबडा दोरा लावायचा: सावली मागे, गेड पुढे. पेचव्हारीच्या लो टॉर्निंगहून रोककडे, रोकचा वारा त्याला आत येऊ देत नाही, मग हॅवनॉरच्या बाजूने उत्तरेला ऑस्किल. दोरा लावताना दिसतं की तो जिथे जातो ती दिशा त्याची नाहीच, प्रत्येक वळण भीतीने घेतलेलं. टेरेनन या जुन्या दगडाचा किल्ला, सेरेट, दगडाची भुरळ, यावर फार वेळ घालवू नका, पण बायकांबद्दलचा प्रश्न इथे निघतो आणि तो टाळू नका. मोहात पाडणारी प्रत्येक वेळी बाईच, शाळेत एकही मुलगी नाही, आणि गाँटवर बायकांच्या जादूला कमजोर व दुष्ट म्हणणारी म्हण. मोठ्याने वाचताना ती टोचतेच. आमचं मत, हे पुस्तकाचं वैगुण्य आहे आणि लेखिकेनेही ते मनावर घेतलं. १९९०च्या ‘तेहानू’मध्ये त्या याच जगात परतल्या आणि बाईच्या बाजूने सगळं पुन्हा पाहिलं.

मग गेड ससाणा होऊन समुद्र ओलांडतो आणि ओगियनच्या मनगटावर येऊन बसतो. पक्ष्याच्या रूपात इतका वेळ गेलाय की माणूसपण जवळजवळ विसरलंय. ओगियन त्याला माणसात आणतो, नवी काठी करून देतो आणि एवढंच सांगतो: मागे फीर. पळशील तोवर वाट ती सावली ठरवणार, तू नाही. नकाशावर गाँटच्या टाचणीला तांबड्या दोऱ्याची गाठ मारा आणि तिथूनच निळा सुरू करा. पुढच्या भेटींत सावली त्याच्यापुढे मागे हटू लागते. दोरा पाहून पटकन समजणारी गोष्ट तोंडी सांगायला आम्हाला दहा मिनिटं लागली असती.

आठव्यात दोन छोट्या वस्तूंवर खूण करा. वाळूच्या ओसाड पट्ट्यावर टाकून दिलेली, म्हातारी झालेली भावंडं आणि बहिणीने गेडला दिलेला मोडक्या कड्याचा तुकडा. त्याचं मोल गेडला कळत नाही, वाचकालाही नाही. ते १९७१च्या पुढच्या पुस्तकात कळतं, म्हणून इथे फोड करू नका. दुसरी वस्तू होडी. एका म्हाताऱ्याचा मोतीबिंदू उतरवून ती मिळते, तिच्या नाळेवर डोळे रंगवतात आणि नाव ठेवतात ‘लुकफार’. हाकेचं नाव म्हणून आमच्याकडे ती ‘दूरदर्शी’ झाली. ‘दूरबीन’ही सुचलं होतं, ते हसण्यावारी गेलं.

नववं आणि दहावं एकत्र. नवव्यात काहीच घडत नाही अशी तक्रार येते. घडतं ते स्वयंपाकघरात. व्हेचची धाकटी बहीण यॅरो चुलीपाशी विचारते की तुम्ही जाणते आहात, तर समुद्रावर जेवण मंत्राने का काढत नाही? गेड सांगतो की शब्दाने पदार्थ दिसेल, वासही येईल, पण तो शब्दच राहील. पोटाची फसवणूक होईल, अंगात ताकद येणार नाही. हे मराठीत सांगायला घेतलं आणि तीन-चार जण एकदमच म्हणाले, बोलाचीच कढी, बोलाचाच भात! यॅरोचं खरं नाव, केस्ट, इथेच कळतं. वहीत नोंद करा.

मग उघडा समुद्र. पूर्वेच्या शेवटच्या बेटापलीकडे दोघं जातात आणि पाणी वाळूसारखं होतं. आमचा निळा दोरा इथे नकाशाच्या बाहेर गेला, टाचणी लावायला जागा नव्हती. ऐनवेळी थर्माकोलच्या कडेला कोरा कागद जोडला. तुम्ही आधीच जोडून ठेवा, पण रिकामा, म्हणजे गुपित फुटत नाही. सावली रूपं बदलत येते, बापाचं, जॅस्परचं, पेचव्हारीचं, आणि समोरासमोर येताच दोघं एकाच वेळी एकच नाव उच्चारतात: गेड. वहीतली रिकामी ओळ भरायला मुलगी उठली आणि थांबली, कारण ते नाव पहिल्या ओळीत आधीच लिहिलेलं होतं.

इथे टाळी वाजवून पुस्तक मिटायचा मोह होतो. आमचे निम्मे लोक मिटून बसले होते. तसं करू नका, अजून दोन पानं आहेत आणि ती व्हेचची आहेत. होडीत परत आलेला माणूस गेड आहे की गेडचं रूप घेतलेली सावली, हे त्याला ठाऊक नाही. तासन् तास त्याचा हात नांगरावर असतो: ती सावली असेल तर नांगराने होडीचा तळ फोडायचा आणि दोघांसकट बुडवायची, पण तिला बेटांवर न्यायचं नाही. आपलं खरं नाव ज्याला दिलं तो हा मित्र. गेड एकदा बोलतो, एस्टारिऑल म्हणून हाक मारतो, आणि मग तो हात नांगरावरून निघतो. ही दोन पानं वाचायला आवाज न चढवणारा माणूस निवडा, आणि वाचून झाल्यावर पाच मिनिटं कोणाला बोलू देऊ नका.